संत्री, पुस्तकं, कापूस आणि तूरडाळ

माणसाला तराजूत बसवायचं तर आधी त्याला जोडे काढायला सांगावे लागतात. पुढारी कितीही मोठा असो, या घडीला तो जरा बावरतो. मोजा फाटका तर नाही ना, ही शंका दिल्ली गाजवून आलेल्या माणसालाही येते. मग तो पारड्यात बसतो, पाय जमिनीवरून सुटतात, आणि तो साखळी घट्ट धरून हसतो. वर्तमानपत्रातल्या फोटोत सत्कारमूर्तीच्या चेहऱ्यावर जे प्रसन्न हास्य दिसतं ते या क्षणाचं असतं. त्यात कृतज्ञता किती आणि धास्ती किती, हे शेजारी उभ्या असलेल्या मापाऱ्यालाच कळतं.

तो मापारी मी. अकोल्याच्या बाजारात माझा जन्म गेला. बाहेरच्यांसाठी सांगतो: मापारी म्हणजे बाजार समितीचा परवाना घेऊन शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध उभा राहणारा, माल तोलणारा माणूस. शेतकऱ्याला वाटतं हा व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटतं हा शेतकऱ्याचा. दोन्हीकडून सारख्याच शिव्या आल्या की त्या दिवशी काटा बरोबर होता असं समजून घरी जायचं. पहिल्या तोलाला आम्ही ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन अशी आमची मोजणी. आणि माती, ओल, काडीकचरा यांच्या नावानं व्यापारी तोलामागं जे थोडं कापून धरतो त्याला म्हणतात कडता. कागदावर तो केव्हाच बंद झाला आहे. कागदावर बऱ्याच गोष्टी बंद झाल्या आहेत.

आमच्या घरी एक मोठा काटा होता. एक जिनिंग कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांनी तो भंगारातून सोडवून आणला होता. माणसापेक्षा लांब लोखंडी दांडी, दारासारखी रुंद पारडी, आणि टांगायला तीन बल्ल्यांची तिकाटी. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आमचा काटा बेकार झाला. त्याला पुन्हा कामाला लावलं ते पुढाऱ्यांनी. आमच्या भागात पुढाऱ्याचा सत्कार करायचा म्हणजे त्याची तुला करायची: एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात काहीतरी भारोभार, आणि ते काहीतरी शाळेला नाहीतर संस्थेला दान. हे इलेक्ट्रॉनिक काट्यावर होत नाही. तिथं लाल आकडे उमटतात आणि कोणी टाळी वाजवत नाही. लोकांना दांडी हळूहळू सरळ होताना बघायची असते.

‘वजन’ या शब्दावरचा विनोद मी चाळीस वर्षं दर कार्यक्रमात, दर वक्त्याकडून ऐकला आहे. या लेखात तो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुला लावण्यात थोडी कारागिरी असते. सत्कारमूर्तीला आदल्या दिवशी भेटून यायचं, नमस्कार करायचा आणि नजरेनं अंदाज घ्यायचा. समोरच्या पारड्यात त्या अंदाजापेक्षा थोडं कमी भरून ठेवायचं, म्हणजे शेवटचं पाच-सहा किलो पाहुण्यांना आपल्या हातानं टाकता येतं. फोटोवाला तयार झाला की दांडी सरळ व्हायला हवी. आधी झाली तर फोटो गेला, उशिरा झाली तर पाहुण्यांचा हात दुखतो. एवढीच कारागिरी. पारड्याखाली लोखंड बांधणं, दांडीला बोट लावणं, हे आम्ही केलं नाही. यात मोठेपणा नाही. काटा खोटा निघाला तर आमच्याकडं दुसरं विकण्यासारखं काहीच नव्हतं.

बऱ्याच जणांना मी तोललं. त्यांतल्या पुष्कळांची नावं आता त्यांच्याच चौकातल्या पाट्यांवरूनही पुसली गेली आहेत. पण बापूसाहेबांना मी चार वेळा तोललं. चांदूर बाजारकडचा शेतकऱ्याचा मुलगा; आमदार झाला, खासदार झाला, दिल्लीत मंत्री झाला, मग पक्षाचा अख्ख्या देशाचा अध्यक्ष झाला. एका उन्हाळ्यात तर सगळ्यांत वरच्या खुर्चीसाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि आमच्याकडं लोकांनी पेढेही वाटून टाकले होते. त्यांची चरित्रं निघाली आहेत. मी वाचली. जाड आहेत. माझ्याकडचं चरित्र चार तोलांत संपतं.

पहिला तोल संत्र्यांचा. ते नुकतेच आमदार झाले होते आणि मला नुकताच परवाना मिळाला होता. वडील तापानं पडले म्हणून काटा ट्रकमध्ये घालून मी एकटाच चांदूर बाजारला गेलो. संत्रा बागायतदारांनी ढीग घातला होता. बापूसाहेब तेव्हा इतके काटकुळे की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. मी अंदाज घेऊन पारडं भरलं, ते बसले, आणि बघतो तर संत्र्यांचं पारडं हळूहळू वर चाललेलं. मी आणखी संत्री टाकली. थोड्या वेळानं पुन्हा वर.

“काय गा मापारी,” ते पारड्यातून म्हणाले, “मी जड होऊन राहिलो का?”

“नाई साहेब. लोक संत्री खाऊन राहिले.”

खरंच मागच्या बाजूनं रांग लागली होती. जो येई तो एक सोलून गोड आहे की नाही ते बघून जाई. बापूसाहेबांनी मान वळवून बघितलं. “मंग मले पण दे एक. सारेच खातेत तं मी कावून बसलो पाहत?” आणि त्यांनी पारड्यात बसूनच संत्रं खाल्लं. सालं खिशात घातली.

तेवढ्यात वाद निघाला. त्यांच्या गळ्यात गावोगावचे हार, मांडीवर नारळ, डोक्यावर फेटा. एक अडत्या म्हणाला, हाराचं वजन धरू नका, हा कडता काढा. दुसरा म्हणाला, हार आता साहेबांचे. दोघंही माझ्याकडं बघू लागले. बापूसाहेबांनी विचारलं, “तुमच्या बाजारात काय नियम हाये?”

वडिलांचं वाक्य तोंडात आलं. “पारड्यात आहे ते वजनात आहे. दांडी थांबेपर्यंत कोणी काही टाको, काही काढो. दांडी थांबली की बोलायचं नाही.”

“झालं तं मंग. कायद्याचं पुस्तकही इतकं सोपं नाई.” ते त्या वेळी पन्नास किलोंच्या थोडे वर भरले, हारांसकट.

दुसरा तोल अमरावतीला, पुस्तकांचा. बापूसाहेब दिल्लीत मंत्री झाले होते. दिल्लीचं जेवण मानवलेलं दिसत होतं. सदऱ्याला आता आतून आधार मिळाला होता. पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांना द्यायची, ही कल्पना तिथल्या एका मराठीच्या प्राध्यापकांची. ते पुढं प्राचार्य झाले, म्हणून त्यांना प्राचार्यच म्हणतो. मी गठ्ठे सोडून पारड्यात लावायला घेतले, तर प्रत्येक गठ्ठ्यात एकच पुस्तक. प्राचार्यांचाच काव्यसंग्रह. छापल्यापासून त्यांच्या माडीवर होता. वाळवी लागायच्या आत त्याला समाजकार्य सापडलं.

बापूसाहेब जोडे काढून पारड्याशी आले, समोरच्या ढिगातून एक प्रत उचलली, उभ्याउभ्या एक पान वाचलं, जपून जागेवर ठेवली. बसताना माझ्या कानाशी म्हणाले, “लेका, मले आधी सांगतलं असतं तं सकाळपासून जेवलो नसतो. तेवढीच पुस्तकं कमी गेली असती गावांत.”

मला हसू आवरेना. प्राचार्यांनी ते हसू कार्यक्रमाच्या आनंदाचं धरलं. पुढं कितीतरी वर्षं ते मला भेटले की “त्या दिवशी तुम्हीही भारावला होतात” म्हणायचे.

तिसरा तोल कापसाचा, अकोल्यात. बापूसाहेब तेव्हा पक्षाचे देशाचे अध्यक्ष, आणि त्या पेढ्यांच्या उन्हाळ्याच्या जरा आधीची गोष्ट. वऱ्हाडचा नेता, तेव्हा पांढऱ्या सोन्यानं तोलायचा, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत एकानंही कधी कापूस उचललेला नसावा. बापूसाहेब आता क्विंटलला टेकले होते, आणि क्विंटलभर मोकळा कापूस म्हणजे केवढा ढीग होतो हे आमच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी सांगून बघितलं. कापूस दाबून गाठ बांधून आणा म्हटलं. “गाठ फोटोत बरी दिसत नाही,” असं उत्तर मिळालं.

आधी दिल्लीहून आलेले सुरक्षावाले काटा तपासायला आले. त्यांनी यंत्र फिरवलं. काटा लोखंडाचाच असल्यामुळं ते ओरडतच राहिलं. त्यांच्या साहेबानं बराच विचार केला आणि सुरक्षेची खात्री म्हणून स्वतः पारड्यात बसून बघितलं. दोन-तीन झोके घेतले. मग सगळ्या पथकानं आळीपाळीनं खात्री करून घेतली.

कार्यक्रम सुरू झाला आणि आम्ही कापूस टाकू लागलो. बापूसाहेब हलेचनात. कापूस त्यांच्या गुडघ्याएवढा झाला, छातीएवढा झाला, पारड्यातून मंचावर उतरला, माईकवाल्यापर्यंत गेला. शेवटी दांडी सरळ झाली तेव्हा समोरच्या हजारो लोकांना फक्त कापूस दिसत होता. त्यामागून एक हात वर आला आणि हलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वारा सुटला. पुढच्या रांगेतले सगळे मान्यवर एकदम म्हातारे दिसू लागले.

या तोलात सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते गोविंदशेठचं. गोविंदशेठ म्हणजे आमच्याकडचे डाळ मिलवाले. बाजारात माझ्याशी रोज काट्यावरून भांडणारे. जो मोठा त्याच्या शेजारी फोटोत उभं राहायचं, हा त्यांचा छंद. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून धक्के खाऊन साहेबांच्या अगदी उजव्या हाताची जागा मिळवली होती. ती नेमकी ढिगामागं गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात कापसाचा फोटो आला.

“मापारी,” ते मला म्हणाले, “गाठ आनली असती तं काय बिघडलं असतं?”

त्यानंतर बापूसाहेब पडले. कसे पडले ते चरित्रांत आहे, प्रत्येकात वेगळं आहे. खुर्ची दुसऱ्यानं नेली, मग पक्ष दुसऱ्यांनी नेला, मग ते आपल्याच भागातली निवडणूक हरले. गोविंदशेठनी मिलच्या ऑफिसातला त्यांचा जुना फोटो काढून तिथं कॅलेंडर लावलं. बापूसाहेब अमरावतीला भाचीच्या घरी राहायला आले. वर्षं गेली. मी निवृत्त झालो. काटा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला राहिला, आणि एका पारड्यात मांजर व्याली.

मग मागच्या हिवाळ्यात प्राचार्य घरी आले. बापूसाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. सध्याचे एक मंत्री येणार होते, त्यामुळं गोविंदशेठही येणार होते, आणि डाळ शेठच देणार होते. साहेबांच्या भारोभार तूरडाळ, अचलपूरच्या मुलींच्या वसतिगृहाला. मेळघाटातल्या गावांमधून शिकायला आलेल्या मुली तिथं राहतात. त्या वसतिगृहाची जागा बापूसाहेबांनीच मंत्री असताना मिळवून दिली होती. प्राचार्यांनी छापील पत्रिका माझ्या हातात दिली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘क्विंटलभर डाळ’.

“क्विंटल कुठून काढलं?” मी विचारलं.

“कापसाच्या वेळी तेवढंच होतं ना?”

कवी माणूस. त्यांना वाटलं, काळ जातो, माणूस तेवढाच राहतो.

मी रिवाजाप्रमाणं बापूसाहेबांना भेटायला अमरावतीला जाणार, त्याआधी वसतिगृहाच्या सुनंदाताई माझ्याकडं आल्या. अधीक्षिका, उभट चेहरा, बोलणं तुटक. अचलपूरहून एसटीनं आल्या होत्या आणि परतीची गाडी पकडायची होती.

“भाऊ, मले भाषण नको,” त्या दारातच म्हणाल्या. “खरं सांगा, साहेब किती भरतील? पत्रिकेवर क्विंटल हाये. मी त्याच हिशोबानं बसली. बाकीची डाळ मी यंदा मागतलीच नाई कोणाले.”

“मी अजून पाहिलं नाही त्यांना.”

“मी पाहिलं,” त्या म्हणाल्या. “आशीर्वाद घ्याले गेली होती. माही बारावीतली पोरगी असते ना, तेवढे राहिले ते.”

त्यांनी पदर खोचला. “अर्धी डाळ भेटली तं परीक्षेच्या आधीच संपते. पातळ करता येते, पण किती पातळ करू? पोरी बोलत नाईत, पन ताटात पाहतेत.”

अमरावतीला गेलो. बापूसाहेब गॅलरीत खुर्चीत बसले होते, उन्हात. सदरा पुन्हा खुंटीवर गेला होता. मी नमस्कार करून उभा राहिलो.

“मापाऱ्यावानी नको पाहू,” ते म्हणाले. डोळे तेच होते. “किती?”

“पन्नासच्या वर, साहेब. थोडं.”

“म्हंजे अर्धाच राहिलो. अन् तो प्राचार्य क्विंटल छापून मोकळा झाला.” ते हसले. “काल येऊन गेला. म्हणे, गादीखाली लोखंडाच्या पट्ट्या ठेवू, कोणाले समजणार नाई, साहेबांची शान राहील. तुले सांगतलं का त्यानं?”

“सांगितलं. मी नाही म्हटलं.”

“बरं केलं. या वयात बुडाखाली लोखंड कोण घेते?” मग म्हणाले, “अन् शेठ काय म्हणते?”

शेठ काय म्हणाले ते मी सांगितलं. जन्मभर माझ्या काट्याला खोटा म्हणणारे गोविंदशेठ या वेळी फार विनम्र झाले होते. त्यांनीही बापूसाहेबांना बघितलं होतं. “आपन तराजूचे गुलाम,” ते म्हणाले होते. “काटा सांगेल तेवढी डाळ. पन्नास किलोंचे दोन कट्टे मी पारड्यात ठेवून देतो, सजवून. जे जास्त होईल ते मंचावरूनच वापस गाडीत.”

म्हणजे भर मंडपात, साहेब वर अधांतरी, आणि समोरून हमाल डाळीचं पोतं उचलून परत नेणार. तुलेत माल चढताना लोकांनी आजवर पाहिला होता. उतरताना पहिल्यांदा पाहणार होते. त्या विचारानं मला झोप लागत नव्हती. लोखंड लावलं असतं तर डाळही मिळाली असती आणि शानही राहिली असती. न लावलं तर फक्त माझा काटा खरा राहणार होता, आणि त्याचा वसतिगृहातल्या ताटांना काय उपयोग? हे मी साहेबांपुढं बोलून टाकलं. सुनंदाताई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

बापूसाहेबांनी उन्हाकडं तोंड करून डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

“तो नियम अजून तोच हाये का?” त्यांनी एकदम विचारलं.

“कोणता?”

“पारड्यात आहे ते वजनात.”

“तोच आहे, साहेब. दांडी थांबेपर्यंत.”

“मंग जाय तू. काटा नीट धुऊन आन. मांजरीचा वास येते म्हणे.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंत्री उशिरा आले, हे सांगायची गरज नाही. मंडप भरला होता. पुढच्या रांगेत सुनंदाताई आणि पाठीमागं दोन रांगा भरून वसतिगृहाच्या मुली, सगळ्यांनी घट्ट वेण्या घातलेल्या. डाळीच्या पारड्यात झेंडूच्या माळा घातलेले दोन कट्टे, आणि कट्ट्यांवर शेठच्या मिलचं नाव साहेबांच्या नावापेक्षा मोठं. मंडपाबाहेर मिलची गाडी उभी होती, तिच्यात बाजारात जायचा माल भरलेला होता. शेठ नेहमीप्रमाणं धंदा आणि पुण्य एकाच फेरीत उरकत होते.

भाषणं झाली. वजनाचा विनोद मंत्र्यांनी केला, मग प्राचार्यांनी केला. गोविंदशेठनी माईक घेऊन जाहीर केलं, “या पारड्यात जे बसेल त्याच्या भारोभार डाळ माझ्याकडून! एक दाना कमी नाही!” टाळ्या पडल्या. सुनंदाताईंनी वाजवल्या नाहीत.

आम्ही बापूसाहेबांना धरून पारड्यात बसवलं. मी हात काढला आणि त्यांचं पारडं सरळ वर गेलं. ते तिथं फळीवर ठेवलेल्या बरणीसारखे राहिले. समोरचे दोन कट्टे मंचावर घट्ट. प्राचार्यांनी माईकवर कविता सुरू केली. ती मला ओळखीची वाटली. गोविंदशेठनी हळूच हमालाला खूण केली आणि हमाल एका कट्ट्याकडं वाकला.

बापूसाहेबांनी हात वर केला.

“थांब गा,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण लोकांना थांबवायची त्यांची सवय गेली नव्हती. प्राचार्यही थांबले. “शेठ, जरा इकडं या.”

शेठ गेले. मंत्री बघत होते, कॅमेरे बघत होते.

“शेठ, ते कापसाच्या वेळी तुमचा फोटो राहिला होता.”

“काय साहेब, ती जुनी गोष्ट…”

“माह्या मनात आजून लागून हाये ते. अन् मले इथं एकट्याले भेव वाटते, पडीन मी. या, बसा माह्या बाजूले. धरा मले.”

गोविंदशेठ आधी हसले. मग त्यांना हिशोब लागला. आमच्याकडच्या व्यापाऱ्याला हिशोब लागतो तेव्हा त्याच्या कपाळावर दिसतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दांडीकडं बघत होतो.

“मी? अहो, पारडं तुटंल…”

“कापसाचा काटा हाये शेठ,” मी म्हणालो. “बैल बसला तरी तुटत नाही.”

“बसा, बसा शेठजी,” मंत्री म्हणाले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फोटो चांगला येईल असं वाटलं. मागून कोणीतरी ओरडलं, “जोडे काढा, शेठ!”

शेठनी जोडे काढले. उजवा मोजा अंगठ्याशी फाटका होता. आम्ही पारडं खाली ओढून धरलं, ते बसले, साखळी धरली, आणि मी हात सोडला. दोन्ही कट्टे झेंडूसकट असे उचलले गेले की समोर बसलेल्या दोन मुली मागं सरकल्या. साहेबांचं पारडं धप्पकन मंचावर टेकलं. बापूसाहेबांनी शेठच्या खांद्यावर हात टाकला.

मी आजवर पुढाऱ्यांच्या तुलेत बाजारासारखा पुकारा कधी केला नव्हता. मंचावर ते शोभत नाही. त्या दिवशी केला. पारड्यातल्या पहिल्या कट्ट्यावर हात ठेवला, “लाभ!” दुसऱ्यावर, “दोन!” आणि मंडपाबाहेरच्या गाडीकडं बोट केलं. हमाल शेठचाच, पण त्यालाही मजा वाटली असावी. तो धावतच तिसरा कट्टा घेऊन आला.

“तीन!”

दांडी हलली. पारडं थोडं उठलं, पुन्हा टेकलं.

“अजून लागते, शेठ,” बापूसाहेब म्हणाले. “सकाळी काय जेवलात?”

“शेठ, श्वास सोडा!” मागून आवाज आला. “शेठ, हलू नका, डाळ वाढते!” मुली आधी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या, मग रुमाल काढून हसू लागल्या. सुट्या डाळीच्या पिशव्या आल्या. एक पिशवी मंत्र्यांनी टाकली, फोटोसाठी ती काढून पुन्हा टाकली. मग दांडी हळूहळू वर आली, थरथरली, आणि थांबली.

“पारड्यात आहे ते वजनात,” मी म्हणालो. दांडी थांबल्यावर कोणी बोलायचं नसतं. शेठ बोलले नाहीत. सुनंदाताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. बहुतेक परीक्षेपर्यंतचे आठवडे.

गोविंदशेठबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला: झुल्यावर बसल्यासारखे दोघं, साहेबांचा हात शेठच्या खांद्यावर, शेठ साखळी धरून हसतायत. मिलच्या ऑफिसातलं कॅलेंडर निघालं आणि तिथं तो फोटो लागला. आता ते आल्या-गेल्याला सांगतात की देशाच्या एवढ्या मोठ्या माणसासोबत तुलेत बसायचा मान भारतात फक्त त्यांना मिळाला. हे खरंही असेल.

मंत्री जेवायला गेले, त्यांच्यामागं सगळा मंडप गेला. डाळ वसतिगृहाच्या टेम्पोत चढली. मी काटा सोडायला आलो तर बापूसाहेब अजून पारड्यात बसलेले. शेठ उतरताना आम्ही त्यांचं पारडं विटांवर टेकवलं होतं, आणि त्यांना न्यायला कोणी आलंच नव्हतं. मला वाटतं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं नेलं असेल.

“मापारी,” ते म्हणाले, “आता माह्या एकट्याचं कर.”

“डाळ गेली, साहेब.”

“डाळ कायले? तुही वजनं नाईत का?”

वजनं पेटीत होती, बाजारातली, शिक्क्याची. इतक्या वर्षांत मी त्यांना संत्र्यांनी तोललं, कवितांनी तोललं, कापसानं तोललं. वजनांनी कधीच तोललं नव्हतं. मी विटा काढल्या, एकेक वजन ठेवत गेलो. त्यांनी गळ्यातले हार स्वतःच काढून खाली ठेवले, शाल काढली, आणि दांडीकडं बघत बसले. दांडी थांबली.

“सांग.”

“चांदूर बाजारला संत्र्यांच्या वेळी होते तेवढेच,” मी म्हणालो. “एखाद किलो इकडं-तिकडं.”

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. मग हसायला लागले, आणि पारडं हलायला लागलं.

“म्हंजे मधातला सारा कडताच होता म्हण की.”

मी वजनं उचलायला हात घातला. “उतरवू का, साहेब? जेवण सुरू झालं.”

“थांब गा थोडं,” ते म्हणाले, आणि त्यांनी पायानं हळूच एक हेलकावा घेतला. “मंत्र्याचं जेवन होईस्तोवर कोणी मले शोधत नाई. बस तू पन. त्या पारड्यात जागा हाये.”

मी वजनं खाली ठेवली, जोडे काढले आणि समोर जाऊन बसलो. ते वर गेले.